हेलिकॉप्टरच्या आवाजावर चढलेला प्रश्न

३ जानेवारी १९७८. दिल्लीपासून जवळच, हरियाणातल्या दौलतपूर नसीराबाद या खेड्यात अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर आले होते. बरोबर पत्नी रोझलिन, पुढेमागे सुरक्षारक्षक आणि सगळ्यांच्या मागून कॅमेरे खांद्यावर घेतलेला वार्ताहरांचा लोंढा. गावकऱ्यांनी पाहुण्यांना मोठ्या हौसेने गोबर गॅसचा खड्डा दाखवला. शेणाच्या त्या काल्याकडे अध्यक्ष निरखून पाहत असताना घोळक्यातून एक खणखणीत आवाज आला, "मी यात पडलो तर तुम्ही मला बाहेर काढाल ना, मिस्टर प्रेसिडेंट?" कार्टर म्हणाले, "नक्की काढीन. पण थोडा वेळ जाऊ देईन."

विचारणाऱ्याचं नाव सॅम डोनाल्डसन. एबीसी या अमेरिकी वाहिनीचा व्हाइट हाउस प्रतिनिधी. वय ४३. अध्यक्षाला हा माणूस किती छळत असेल, हे कार्टर यांच्या उत्तरातच कळतं.

त्या दौऱ्याचा आपल्याशी आणखीही संबंध होता. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन साठी उलटून गेल्यावर पीस कोअरमध्ये दाखल झाल्या आणि मुंबईत विक्रोळीला नर्स म्हणून राबल्या. दौऱ्यातला खरा वादाचा मुद्दाही महाराष्ट्रातलाच होता. तारापूरच्या अणुवीज केंद्राला अमेरिकेहून युरेनियम द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर कोणत्या अटींवर? मोरारजी देसाई अटी मानायला तयार नव्हते. दिल्लीत कार्टर आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्या कानाशी लागून म्हणाले की, परत गेल्यावर यांना एक थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहायला हवं. जवळच एका वाहिनीचा माइक चालू होता. मैत्रीच्या दौऱ्यातली सगळ्यात मोठी बातमी त्या कुजबुजीतून निघाली.

चित्र कसं दिसावं हे यजमान आणि पाहुणे मिळून ठरवतात. खड्डा, हार, हसरे चेहरे. आवाजावर मात्र तेवढा ताबा राहत नाही. डोनाल्डसन यांची कारकीर्द बारकाईने पाहिली तर ती याच एका फटीत उभी आहे, असं माझं मत झालं आहे. त्यांच्या जुन्या चित्रफिती पाहताना आणि अध्यक्षांच्या पत्रकार परिषदांची प्रतिवृत्तं वाचताना ते अधिकाधिक पक्कं होत गेलं. राजकारण टीव्हीवर आलं तेव्हा राजकारण्यांनी चित्र ताब्यात घेतलं. या माणसाने आवाज सोडला नाही.

*

डोनाल्डसन यांचा जन्म ११ मार्च १९३४ चा, टेक्सासमधल्या एल पासोचा. वडील त्यांच्या जन्माआधीच गेले होते. न्यू मेक्सिकोतल्या चेंबरिनो नावाच्या छोट्या वस्तीवरच्या शेतात आईने त्यांना वाढवलं. मुलगा हूड होता म्हणून त्याला लष्करी शिस्तीच्या शाळेत घातलं. पुढे टेक्सास वेस्टर्न कॉलेजात रेडिओचा नाद लागला. सैन्यात तोफखान्यात नोकरी झाली, डॅलसच्या एका स्थानिक वाहिनीवर उमेदवारी झाली आणि १९६१ मध्ये ते वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी केंद्रावर दाखल झाले. केनेडी नुकतेच अध्यक्ष झाले होते. २५ जानेवारी १९६१ ला त्यांनी अध्यक्षाची पहिली थेट प्रक्षेपित पत्रकार परिषद घेतली होती. तोवर पत्रकार परिषदेतलं अध्यक्षाचं बोलणं लोकांपर्यंत थेट जात नसे. आता लोक उत्तर देणाऱ्यालाही पाहू लागले आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही.

१९६७ मध्ये डोनाल्डसन एबीसीत आले. तेव्हा सीबीएसकडे वॉल्टर क्रॉन्काइट होते, एनबीसीकडे हंटली आणि ब्रिंकली ही जोडी होती. एबीसी तिसऱ्या नंबरवर, तीही बरीच मागे. तिचं संध्याकाळचं बातमीपत्र १५ मिनिटांवरून अर्ध्या तासाचं झालं ते त्याच वर्षी. अशा वाहिनीच्या माणसाला कुणी आपणहून फोन करत नाही, पुढची खुर्चीही देत नाही. त्याला मोठ्याने बोलावंच लागतं. १९७१ मध्ये ते व्हिएतनामला जाऊन आले. वॉटरगेटच्या काळात काँग्रेसच्या इमारतीत ठाण मांडून त्यांनी सुनावण्या आणि महाभियोगाची प्रक्रिया पाहिली. राष्ट्राध्यक्ष धडधडीत खोटं बोलू शकतो, हे त्या पिढीच्या वार्ताहरांनी वाचलं नव्हतं. समोर बसून ऐकलं होतं. पुढे त्यांचा आवाज चढला त्याचं मूळ मला इथे दिसतं.

१९७६ मध्ये कार्टर यांच्या प्रचाराबरोबर ते देशभर फिरले. १९७७ मध्ये रून आर्लेज एबीसीच्या वृत्तविभागाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी डोनाल्डसन व्हाइट हाउसवर आले. पुढची बारा वर्षं, १९८९ पर्यंत, तीच त्यांची बीट.

या बीटवरचं रोजचं काम कसं चालतं ते सांगायला हवं, कारण पडद्यावर त्यातलं फारसं दिसत नाही. व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात पत्रकार कक्ष आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यासाठी बांधलेला पोहण्याचा तलाव होता, त्यावर निक्सन यांच्या काळात जमीन टाकून हा कक्ष तयार झाला. मागे वाहिन्यांच्या खुराड्याएवढ्या खोल्या. प्रवक्त्याचं ब्रीफिंग झालं की दिवसभर वाट पाहायची. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कुणाची गाडी उभी आहे. अध्यक्षाच्या खोलीत सगळ्यांना जागा नसते म्हणून पाळीपाळीने मोजके वार्ताहर आत जातात आणि बाकीच्यांना सांगतात. त्याला पूल म्हणतात. संध्याकाळी साडेसहाला बातमीपत्र. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की २२ मिनिटं उरतात. त्यात व्हाइट हाउसच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं. दिवसभराच्या पायपिटीचा एवढाच ऐवज.

त्याच सुमारास तंत्र बदललं. आधी १६ मिलिमीटरची फिल्म प्रयोगशाळेत धुवून घ्यावी लागे, त्यामुळे दुपारनंतरची घटना संध्याकाळच्या बातमीत बसवणं जिवावर यायचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हलके व्हिडिओ कॅमेरे आले. टेप लगेच कापता येऊ लागली. पाच वाजता अध्यक्ष हिरवळीवरून चालत गेला तर साडेसहाला देश त्याला चालताना पाहू लागला. त्या चालण्यातल्या वीस पावलांना एकदम भाव आला.

*

३० मार्च १९८१ च्या दुपारी वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर डोनाल्डसन दोरीमागे उभे होते. अध्यक्ष होऊन रोनाल्ड रेगन यांना जेमतेम सत्तर दिवस झाले होते. भाषण आटोपून ते बाजूच्या दाराने गाडीकडे निघाले. पत्रकारांच्या रांगेतून नेहमीसारखी हाक गेली. त्याच रांगेत, कुणीही न तपासलेला, जॉन हिंकली उभा होता. दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या सुटल्या. रेगन, प्रवक्ते जिम ब्रेडी, एक पोलीस आणि एक सुरक्षा अधिकारी असे चौघे जखमी झाले.

एबीसीच्या कॅमेऱ्याने ते टिपलं आणि काही मिनिटांत देशाने पाहिलं. पण त्या दिवसाची माझ्या लेखी खरी शिकवण पुढच्या तासांत आहे. ब्रेडी गेले अशी बातमी तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी दिली. ती खोटी होती. ती मागे घ्यावी लागल्यावर एबीसीचे निवेदक फ्रँक रेनॉल्ड्स कॅमेऱ्यासमोरच संतापले आणि आपल्याच सहकाऱ्यांना म्हणाले की, एकदा नीट खात्री करून घ्या. निवेदकाने स्वतःच्या वाहिनीला देशादेखत असं सुनावणं दुर्मीळ. आजच्या ब्रेकिंगच्या पट्ट्या पाहताना मला रेनॉल्ड्स यांचा तो चेहरा आठवतो आणि त्यांच्याबद्दलचा आदर वाढतो.

अध्यक्ष आणि वार्ताहर यांच्यातलं अंतर त्या दिवसापासून वाढलं. पत्रकारांची तपासणी सुरू झाली, दोऱ्या मागे सरकल्या. गोळीबार झालेल्या माणसाला जपायलाच हवं, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पण सुरक्षेसाठी वाढलेलं अंतर पुढे राजकारणाच्याही सोयीचं झालं.

*

रेगन यांच्या प्रतिमेची सूत्रं मायकेल डीव्हर यांच्याकडे होती. अध्यक्ष कुठे उभे राहतील, मागे काय दिसेल, ऊन कुठून येईल, हे सगळं आधी ठरलेलं असे. प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांच्या टेबलावर पाटी होती, तिचा आशय असा: बातमीचा देखावा कसा मांडायचा ते तुम्ही आम्हाला सांगू नका, बातमी कशी द्यायची ते आम्ही तुम्हाला सांगणार नाही.

या देखाव्याची ताकद सीबीएसच्या लेस्ली स्टॉल यांच्या अनुभवातून कळते. १९८४ च्या निवडणुकीआधी त्यांनी एक लांबलचक टीकात्मक वृत्तान्त दिला. अपंगांसाठीच्या आणि वृद्धांसाठीच्या योजनांवरचा निधी कापण्याचा प्रयत्न करणारे रेगन अपंगांच्या क्रीडास्पर्धांना आणि वृद्धांच्या घरांना भेटी देताना कसे दिसतात, हा मुद्दा. वृत्तान्त गेल्यावर व्हाइट हाउसमधून फोन आला. शिव्या नव्हे, आभार. स्टॉल चकित झाल्या. फोनवरचा अधिकारी म्हणाला की तुम्ही काय बोललात ते कुणी ऐकलंच नाही; पाच मिनिटं आमच्या माणसाची सुंदर दृश्यं दाखवलीत. स्टॉल यांनी हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. टीव्हीच्या वार्ताहराला यापेक्षा क्लेशाची गोष्ट दुसरी नसेल.

आता या पार्श्वभूमीवर दक्षिणेकडची हिरवळ डोळ्यांपुढे आणा. मरीन वन हेलिकॉप्टर उभं आहे, पंखे फिरताहेत. रेगन आणि नॅन्सी हातात हात घालून बाहेर येतात. कुत्र्याची साखळी हातात असते कधी. दोरीमागे वार्ताहर. चित्र डीव्हर यांचं, एकही चौकट चुकलेली नाही. आणि तेवढ्यात डोनाल्डसन ओरडतात. भुवया वर गेलेल्या, मान पुढे, छातीतून आलेला आवाज: मिस्टर प्रेसिडेंट, अमुक करार होणार का? तमुक मंत्री जाणार का? रेगन कानामागे हात धरतात, हेलिकॉप्टरकडे बोट दाखवतात, हसतात, हात हलवतात आणि चढतात.

उत्तर मिळालं नाही. पण संध्याकाळच्या बातमीत आता नुसता हसरा अध्यक्ष दाखवता येत नाही. त्या हसऱ्या चेहऱ्यावरून एक प्रश्न जातो, आणि तो टाळला जाताना दिसतो. स्टॉल यांचे शब्द चित्राबाहेर होते म्हणून वाया गेले. डोनाल्डसन यांनी प्रश्न चित्राच्या आत नेऊन ठेवला. त्यांनी हे सिद्धान्त म्हणून केलं असेल असं नाही. फोटोसाठी आत या पण काही विचारू नका, असा नियम रेगन यांच्या माणसांनी लादायचा प्रयत्न केला, तेव्हाही ते विचारतच राहिले.

रेगन यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. त्यांना खरोखरच कमी ऐकू येत असे. तरुणपणी सिनेमाच्या चित्रीकरणात कानाजवळ बंदुकीचा बार उडाल्याने कान अधू झाला होता आणि १९८३ पासून ते श्रवणयंत्र वापरत. पण आठ वर्षांत त्यांनी औपचारिक पत्रकार परिषदा घेतल्या ४६. कार्टर यांनी चार वर्षांत ५९ घेतल्या होत्या. दोन-दोन महिने समोरासमोर बसायला मिळत नसेल तर वार्ताहर हिरवळीवर ओरडणारच.

प्रेक्षकांना ते आवडत नसे. आजोबांसारख्या अध्यक्षावर हा उद्धट माणूस खेकसतो, अशा तक्रारी येत. या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग मला तोच वाटतो. सत्तेची नाराजी सोसणं हे वार्ताहराला पदकासारखं मिरवता येतं. ज्या लोकांसाठी विचारायचं त्यांचीच नाराजी सोसायला वेगळा कणा लागतो. लोकप्रिय नेत्याला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या चाहत्यांना दुखावणं, आणि चाहते हेच तर तुमचे प्रेक्षक असतात.

*

नुसतं ओरडण्यावर कुणी बारा वर्षं टिकत नाही. पत्रकार परिषदांची प्रतिवृत्तं वाचली की डोनाल्डसन यांची तयारी लक्षात येते. २९ जानेवारी १९८१, रेगन यांची अध्यक्ष म्हणून पहिलीच पत्रकार परिषद. डोनाल्डसन यांनी विचारलं: सोव्हिएत युनियनचा दूरचा हेतू तुम्हाला काय दिसतो? जगावर वर्चस्व मिळवण्याचा, ज्यातून शीतयुद्ध चालूच राहील, की वेगळ्या परिस्थितीत तणाव निवळू शकेल? प्रश्नात आरोप नाही, चढा सूरही नाही. पण दरवाजा पूर्ण उघडा. रेगन आत शिरले. आपल्या ध्येयासाठी कोणताही गुन्हा करण्याचा, खोटं बोलण्याचा, फसवण्याचा हक्क सोव्हिएत नेते स्वतःकडे राखून ठेवतात, असं ते म्हणाले. पुढच्या काही वर्षांच्या अमेरिकी परराष्ट्र धोरणाचा सूर त्या एका उत्तरात लागला. चांगला प्रश्न कधीकधी इतका साधा असतो.

दुसरा प्रसंग २८ सप्टेंबर १९८२ चा. मंदी होती, बेकारी दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावर होती आणि वर्षअखेर १०.८ वर गेली. रेगन यांनी मागच्या सरकारांना दोष दिला, काँग्रेसला दिला. डोनाल्डसन उठले: आज तुम्ही भूतकाळातल्या चुकांना दोष दिलात, काँग्रेसला दिलात. यातला काही दोष तुमचाही आहे का? रेगन म्हणाले, "आहे. कारण बरीच वर्षं मी डेमोक्रॅट होतो." सभागृहात हशा पिकला. १९६२ मध्ये पक्ष बदललेल्या माणसाने केलेला तो हजरजबाबी विनोद आजही सांगितला जातो, आणि तो उत्तम होताच, यात वाद नाही. पण मला तो प्रश्न जास्त आवडतो. अध्यक्षाचेच शब्द उचलून, त्यांत एकाही विशेषणाची भर न घालता, हिशेबातली उरलेली रक्कम पुढे ठेवली आहे. नोकरी गेलेला माणूस घरी बसून नेमकं हेच विचारत असणार.

१९८१ च्या अखेरीपासून दर रविवारी सकाळी आता एबीसीत आलेल्या डेव्हिड ब्रिंकली यांच्या 'धिस वीक' कार्यक्रमात ते जॉर्ज विल यांच्यासमोर बसू लागले. विल पुराणमतवादी, तोलून बोलणारे, डोनाल्डसन उसळणारे. चर्चेचा तो साचा पुढे जगभर गेला आणि आपल्याकडे येईपर्यंत चारच्या जागी आठ चौकटी झाल्या. १९८७ मध्ये त्यांचं 'होल्ड ऑन, मिस्टर प्रेसिडेंट!' हे पुस्तक आलं. १९८९ मध्ये व्हाइट हाउस सोडून डायन सॉयर यांच्याबरोबर ते 'प्राइमटाइम लाइव्ह' या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाकडे गेले.

*

आता अर्जेंटिना. १९९४, डोंगरांच्या कुशीतलं बारिलोचे शहर. आधी दुसऱ्याच एका जुन्या नाझीला 'प्राइमटाइम लाइव्ह'च्या चमूने गाठलं होतं. त्याने बोट दाखवलं एरिक प्रिबकेकडे. प्रिबके एसएसचा कॅप्टन होता. २४ मार्च १९४४ ला रोमबाहेरच्या आर्देआतिने गुहांमध्ये ३३५ माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. आदल्या दिवशी बॉम्बहल्ल्यात मेलेल्या ३३ जर्मन पोलिसांचा तो एकास दहा या हिशेबाने घेतलेला सूड, आणि हिशेबापेक्षाही पाच जास्त. त्या दिवशी प्रिबके तिथे होता. युद्धानंतर तो अर्जेंटिनाला गेला आणि खऱ्या नावाने, प्रतिष्ठित नागरिक म्हणून, जवळजवळ अर्धशतक राहिला.

डोनाल्डसन यांनी त्याला रस्त्यात, गाडीजवळ गाठलं. स्वतःची ओळख दिली. कॅमेरा चालू. आवाज चढलेला नाही. एकामागून एक सरळ प्रश्न: तुम्ही गेस्टापोत होता ना? गुहांमध्ये होता ना? माणसं मारलीत ना? हुकूम होता, युद्ध होतं, असं म्हातारा सांगत राहिला. जे मारले गेले त्यांत मुलं होती, याची आठवण करून दिल्यावरही तो हुकमाच्याच आधाराला होता. शेवटी, तुम्ही सभ्य गृहस्थ नाही, असं डोनाल्डसन यांनाच ऐकवून तो गाडीत बसला आणि निघून गेला.

मी ती फीत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. हिरवळीवर अध्यक्षाला ओरडून विचारणारा हाच माणूस, पण इथे त्याने उत्तर येईपर्यंत जागा सोडली नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रिबकेला इटलीच्या हवाली करण्यात आलं. १९९६ मध्ये लष्करी न्यायालयाने मुदतीचं कारण देऊन त्याला सोडायचं ठरवलं, तेव्हा रोममध्ये प्रक्षोभ उसळला. १९९८ मध्ये जन्मठेप कायम झाली. वय पाहता ती नजरकैदेत भोगली गेली, आणि २०१३ मध्ये शंभराव्या वर्षी तो मेला. पन्नास वर्षं सरकारांनी जे विचारलं नाही ते एका वार्ताहराने फुटपाथवर उभं राहून विचारलं.

त्या वर्षांत डोनाल्डसन यांच्यावरही प्रश्न आले. न्यू मेक्सिकोतल्या त्यांच्या कुरणांवरच्या मेंढ्यांसाठी सरकारी अनुदानाचे हजारो डॉलर मिळत होते. उद्योग संघटनांपुढे केलेल्या भाषणांची घसघशीत मानधनं होती. सरकारी पैशाचा हिशेब विचारणाऱ्याचा हिशेब इतर पत्रकारांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता.

त्यांची मोठी चूक मात्र वेगळी. जानेवारी १९९८ मध्ये ते पुन्हा व्हाइट हाउसवर आले होते आणि मोनिका लुइन्स्की प्रकरण फुटलं. रविवारच्या चर्चेत ते बोलून गेले की क्लिंटन खरं बोलत नसतील तर त्यांचं अध्यक्षपद दिवसांवर आलं आहे. क्लिंटन खरं बोलत नव्हते. तरीही ते २० जानेवारी २००१ पर्यंत, पूर्ण मुदत, खुर्चीवर राहिले. विचारण्यात चाळीस वर्षं मुरलेला माणूस भाकीत करायला बसला आणि तोंडघशी पडला. आपल्या वाहिन्यांवर तर वार्ताहराला रोज भविष्य सांगायला लावतात. कोण फुटणार, कोण राहणार, खातेवाटप कधी. २०१९ च्या नोव्हेंबरात पहाटे राजभवनावर जो शपथविधी झाला त्याचा पत्ता आदल्या रात्रीपर्यंत भाकितं सांगणाऱ्यांना नव्हता, तरी सवय सुटत नाही.

*

विधानभवनाच्या पायऱ्यांवर अधिवेशनात उभं राहून पाहावं. नेत्याची गाडी आली की पंधरा-वीस बूम एकदम पुढे जातात. पाठीवर प्रक्षेपणाच्या बॅगा, कानात ऑफिसचा आवाज, खांद्याला खांदा. ही मुलं-मुली फार कष्ट करतात. सकाळी सातला सुरू झालेला दिवस रात्री अकराच्या लाइव्हला संपतो. पण बहुतेक वेळा विचारलं जातं ते, "साहेब, काय सांगाल?" किंवा "अमुक नेत्याने तुमच्यावर टीका केली, तुमची प्रतिक्रिया?" साहेबांना हवं तेच बोलायला ही आयती वाट. बाइट मिळतो, उत्तर मिळत नाही, कारण काही विचारलंच नव्हतं. डोनाल्डसन यांच्याकडून आपण आवाज घेतला. आकडा, तारीख, नेत्याचंच जुनं वाक्य खिशात ठेवून उभं राहणं घ्यायचं राहिलं. आणि याचा दोष मी वार्ताहरांवर टाकणार नाही. दिवसाला दहा लाइव्ह करणाऱ्याला कॅगचा अहवाल वाचायला सवड कोण देतं? ती सवड देणं संपादकांचं काम आहे, आणि ते होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिल्लीत चित्र आणखी आक्रसलं आहे. ३ जानेवारी २०१४ ला मनमोहन सिंग पत्रकारांसमोर बसले आणि त्यांनी प्रश्न घेतले. १७ मे २०१९ ला नरेंद्र मोदी पक्षाच्या पत्रकार परिषदेला उपस्थित राहिले, पण प्रश्नांची उत्तरं अमित शहा यांनी दिली. २२ जून २०२३ ला व्हाइट हाउसमध्ये बायडन यांच्याशेजारी उभं राहून मोदींनी पत्रकारांचे प्रश्न घेतले, त्यांतला एक अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दलचा. तो विचारणाऱ्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या महिला प्रतिनिधीला नंतर समाजमाध्यमांवर इतकं छळण्यात आलं की व्हाइट हाउसला त्याचा निषेध करावा लागला. प्रश्न घेण्याची ती रीत ज्या वास्तूत टिकून होती, तिथे ती आपोआप टिकलेली नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ती तुटायला आली होती. ७ तारखेच्या पत्रकार परिषदेत सीएनएनचे जिम अकोस्टा ट्रम्प यांना विचारतच राहिले, माइक सोडेनात. त्यांचा व्हाइट हाउसचा प्रवेशपास काढून घेतला गेला. सीएनएन न्यायालयात गेलं. त्या दाव्यात अकोस्टा यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दाखल करणाऱ्यांत ८४ वर्षांचे सॅम डोनाल्डसन होते. कायद्याचा आधार जुना होता. १९७७ च्या शेरिल खटल्यात अपील न्यायालयाने ठरवून दिलं होतं की, एकदा पत्रकारांना दार उघडलं की कारण न देता, बाजू न ऐकता एखाद्याला बाहेर ठेवता येणार नाही. १६ नोव्हेंबरला न्यायाधीश टिमोथी केली यांनी पास परत देण्याचा अंतरिम आदेश दिला. ते ट्रम्प यांनीच नेमलेले न्यायाधीश होते.

तीन दिवसांनी व्हाइट हाउसने पत्रकार परिषदांचे लेखी नियम जाहीर केले. एका पत्रकाराने एकच प्रश्न विचारायचा, मग माइक द्यायचा. त्यावरचा पुढचा प्रश्न अध्यक्षांच्या मर्जीवर. डोनाल्डसन यांचा सगळा पेशा ज्या दुसऱ्या प्रश्नावर उभा होता, तोच असा मर्जीवर गेला. हिरवळीसारख्या मोकळ्या जागांसाठी मात्र तूर्त नियम करत नाही, असं त्याच पत्रकात म्हटलं होतं. ट्रम्प यांना ती जागा आवडू लागली होती. मरीन वनच्या घरघरीत ते अर्धा-अर्धा तास उभे राहत. चाळीस जण ओरडत असताना त्यांतला सोयीचा प्रश्न ऐकू आल्याचं दाखवता येतं, आणि बाकीचे कॅमेऱ्याच्या माइकवर नीट उमटतही नाहीत. रेगन यांनी तो आवाज न ऐकण्यासाठी वापरला, ट्रम्प यांनी निवडून ऐकण्यासाठी. दोरीमागे उभ्या असलेल्या वार्ताहरांनी यावर एकच तोड काढली. ज्या प्रश्नाकडे अध्यक्षांनी दुर्लक्ष केलं, तोच शेजारच्या प्रतिस्पर्धी वाहिनीच्या माणसाने पुन्हा विचारायचा. ते दर वेळी जमत नाही. चढाओढीच्या या धंद्यात दुसऱ्याचा प्रश्न आपल्या तोंडून विचारणं अवघड जातं. पण जेव्हा जमतं तेव्हा अध्यक्षाला पायऱ्या चढण्याआधी वळावं लागतं.